दसऱ्यानंतर घरी कोण?

दहावीचा निकाल लागला की तिसगावच्या आसपासच्या वस्त्यांवर दोन माणसं हिंडायला लागतात. एक सत्यशीला मॅडम आणि दुसरा गोरक्षनाथ मुकादम. मॅडम स्कूटीवर, मुकादम पांढऱ्या गाडीत. दोघं त्याच घरांत जातात, त्याच सतरंजीवर बसतात, तोच गोडमिट्ट चहा पितात आणि विचारतातही तेच, की पोरगं आता पुढं काय करणार? मुकादमाला ऊसतोडीच्या टोळीसाठी माणसं हवी असतात आणि मॅडमला अकरावीच्या वर्गासाठी. एखाद्या दारात दोघांची गाठ पडलीच, तर मुकादम उठून उभा राहतो, हात जोडतो आणि म्हणतो, "या मॅडम, तुमचं आधी." त्याच्या या अदबीचीच मॅडमना जास्त भीती वाटायची.

मॅडम जवळच्याच एका ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायच्या. पोरांना कुठली साईड घ्यायची, बारावीनंतर नर्सिंग की बीएस्सी, कुठं वसतिगृह मिळतं, हे सगळं सांगायचं काम त्यांना कुणी दिलेलं नव्हतं. त्यांनी ते अंगावर घेतलं होतं, आणि एकदा अंगावर घेतल्यावर ते काढून टाकणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. शहरात म्हणे या कामाला समुपदेशक असतात. ते पोराला समोर बसवून त्याचा कल काढतात. मॅडमनी कुणाचा कल कधी काढला नाही. पोराला काय आवडतं, हे त्या नंतर विचारत. पहिला प्रश्न ठरलेला असे: "दसऱ्यानंतर घरी कोण?"

कारण दसरा झाला की इथली निम्मी घरं कुलपं लावून कारखान्यांकडे निघतात. कुणी राहुरीकडं, कुणी पार कर्नाटकात. ती होळीच्या मागंपुढं परततात. मागं पोरांजवळ कुणी राहणार नसेल, तर मॅडम सरळ आर्ट्स सांगत. पोरगं आईबापासोबत गेलं तरी चार पुस्तकं उसाच्या फडावरच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत, नेऊन वाचेल, परीक्षेला परत येईल. पण सायन्सला रोज प्रॅक्टिकल. ती साईड ज्याच्या घरी चूल पेटती राहणार, त्यानंच घ्यायची. स्टाफरूममध्ये यावर थट्टा चालायची. मॅडम पोराचे मार्क बघत नाहीत, आजीची तब्येत बघून साईड ठरवतात, असं सगळे म्हणत. मॅडम हसत नसत. त्या स्वतः आजीच्या जिवावर शिकल्या होत्या. आईबाप फडात आणि आजी घरात, अशी सगळी शाळा झाली. पुढं नोकरी लागली, लग्नाचं राहून गेलं, तिसगावात एक खोली घेतली. पण म्हातारी बाई उंबऱ्यात बसली की घर पडत नाही, हा विश्वास मात्र पक्का बसला होता. घात झाला तो या विश्वासानंच.

धनश्री त्यांना दहावीतच दिसली होती. बेडकाच्या हृदयाचं चित्र असं काढायची, की कागदाला हात लावावासा वाटे. तिला नर्स व्हायचं होतं. बाप सहादेव, तिचे आबा, आणि आई लंकाबाई, दोघांचा मिळून एक कोयता. टोळीत नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात आणि एकट्या माणसाला अर्धा. अर्ध्या कोयत्याला कुणी विचारत नाही. म्हणून पोरगा हाताशी आला की त्याला जोडी शोधायची घाई होते, आणि पोरगी हाताशी आली की तिच्याकडं टोळीतल्या अर्ध्या कोयत्यांच्या नजरा वळतात.

निकालानंतर मॅडम त्या घरी गेल्या आणि त्यांनी आपला प्रश्न विचारला. सहादेव मान खाली घालून बसला. उत्तर आलं ते चुलीपुढून.

"मी हाय की," दगडाबाई म्हणाली. ती सहादेवची आई. उभं आयुष्य ऊस तोडलेली, हाडं काटक आणि जीभ त्याहून काटक. "माजं आता फडात काय काम? पोरीजवळ मी ऱ्हाईन. घाला तिला कुठं घालायचं तिथं."

मॅडमनी तिथंच सायन्स ठरवून टाकलं. बाहेर आल्या तर मुकादमाची गाडी लिंबाखाली उभी होती. त्याला सगळं ऐकू गेलं असावं.

"लई ब्येस झालं, मॅडम," तो हात जोडून म्हणाला. "आजी हाय तवर पोरीला काळजी न्हाई. आजीला जपा म्हनावं."

अकरावी सुरळीत पार पडली. बारावीच्या साली दसरा झाला, ट्रक भरून गेले, वस्ती ओस पडली. नवरात्रातच खरं तर पहिली खूण दिसली होती. मॅडम सहज डोकावल्या तेव्हा घरी आजी-नात दोघीच होत्या. दगडाबाईनं पाणी दिलं. ते प्यायच्या आत दुसरा तांब्या आणला. मग तिसरा. आणि मॅडमच्या तोंडाकडं निरखून बघत म्हणाली, "कुनाची गं तू?" धनश्री खळखळून हसली, म्हणाली, "आजी गंमत करते, मॅडम." मॅडमनाही ते खरं मानायचं होतं, म्हणून त्यांनी मानलं.

मग दिवाळीनंतरची एक सकाळ. मॅडम कॉलेजला निघाल्या तर फाट्यावर दगडाबाई उभी. कमरेला पदर खोचलेला, डोक्यावर बोचकं, हातात जुना कोयता. रस्त्याकडं टक लावून बघत होती.

"आजी, इथं काय करताय?"

"ट्रक येतुया," ती म्हणाली. "टोळी फुडं गेली का गं? मला टाकून गेली व्हय?"

मागून धनश्री धापा टाकत आली, अनवाणीच. तिनं आजीच्या हातातून कोयता हळूच सोडवून घेतला आणि मॅडमकडं बघितलं. त्या नजरेत आता हसू नव्हतं. "आबांना सांगू नका, मॅडम. कळलं तर मला घेऊन जातील. परीक्षा होऊ द्या फक्त."

खरं तर सांगायला हवं होतं. मॅडमना ते कळत होतं. पण सांगितलं की घरी कुणी नाही असं ठरणार, आणि घरी कुणी नाही म्हटलं की पोरगी फडात. वसतिगृहात आता मधूनच कोण घेणार? त्या गप्प बसल्या. पुढं त्यांना कळलं, की धनश्री कॉलेजला येताना दाराला बाहेरून कडी घालून येते. आत म्हातारी एकटी दार वाजवत बसते. ते ऐकून मॅडमना त्या दिवशी डबा गेला नाही. तरी त्या गप्पच बसल्या. वर्गात शिकवताना मात्र अधूनमधून खिडकीबाहेर रस्त्याकडं बघायची सवय त्यांना लागली.

मार्गशीर्षातल्या एका दुपारी त्या रस्त्यानं पांढरी गाडी वस्तीकडं गेली. हंगाम ऐन भरात असताना मुकादम गावाकडं येतो तो उगाच नाही. त्याला माणूस कमी पडलेला असतो. मॅडमनी प्रॅक्टिकल अर्ध्यात थांबवलं आणि धनश्रीला स्कूटीवर मागं बसवून निघाल्या.

दाराची कडी काढलेली होती. आत वस्तीवरली उरलेली चार म्हातारी माणसं बसली होती. मधे मुकादम, त्याच्या शेजारी नवा शर्ट घातलेला त्याचा भाचा. आणि दगडाबाई, डोक्यावर नीट पदर घेऊन, मुठीतली साखर त्या भाच्याच्या हातावर ठेवत होती.

त्या भागात घरातल्या वडीलधाऱ्या बाईनं पाहुण्याच्या हातावर साखर ठेवली, की पोरीचा शब्द गेला. मग कागद लागत नाही की बामण लागत नाही. ती साखर परत घेतल्याचं कुणी ऐकलेलं नाही.

"या मॅडम," मुकादम उठून उभा राहिला. "तोंड गोड करा. आजीनं पोरगी दिली."

"आजी!" धनश्री ओरडली.

दगडाबाई तिच्याकडं बघून मायेनं हसली. "घाबरती कशाला, सुभे? मुकादम चांगला मानूस हाय. समद्या पोरी जात्यात."

सुभी म्हणजे सुभद्रा, दगडाबाईची लेक. याच मुकादमाच्या बापानं तिचं जमवलं होतं, आणि ती फडातच पहिल्या बाळंतपणात गेली होती. म्हातारी आता सुभीच्या बोलणीच्या त्या जुन्या दुपारात बसली होती. तिला वाटत होतं, ती सुभीला देतेय. चारचौघांना तेवढं कळलं नाही. ते म्हणाले, नाव चुकलं, वयच झालं. मॅडमना धनश्रीनं सुभीचं सांगितलं होतं, त्यांना कळलं.

"पोरगी अजून अठराची नाही," त्या म्हणाल्या. "मी पोलिसांत जाईन."

"जा की. आत्ता कोन लगीन करतंय?" मुकादम शांतपणे म्हणाला. "अठरा भरू द्या. आत्ता निसती बोलनी. तवर पोरगी आईच्या हाताखाली ऱ्हाईल फडात, हितं एकली ठिवून काय करायची?" मग आवाज खाली आणून, फक्त मॅडमना ऐकू जाईल असं तो बोलला. "भायेरून कडी हुती, मॅडम. मी काडली. कुनी लावली ते इच्यारलं न्हाई."

म्हणजे त्याला माहीत होतं. सगळं माहीत असून त्यानं म्हातारीपुढं हात पसरला होता. दगडाबाई शुद्धीत आहे असं धरलं, तर शब्द गेला. शुद्धीत नाही असं म्हटलं, तर घरी कुणी नाही. दोन्ही वाटा फडातच जात होत्या, आणि ही कोंडी आपण आपल्या गप्प बसण्यानं बांधून दिली, हे मॅडमना त्या क्षणी लख्ख दिसलं.

मुकादमानं फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि त्यांच्या हातात दिला. "बोला. सहादेव हाय."

पलीकडून वाऱ्याचा आणि उसाच्या पाचटाचा आवाज येत होता. "मॅडम, आईनं सबूद दिलाय म्हनं," सहादेव म्हणाला. "आईचा सबूद मी कसा मोडू? तुमीच खरं सांगा. आई बरी हाय ना माजी?"

धनश्री दारात उभी राहून मान हलवत होती. सांगू नका, सांगू नका. मॅडमनी तिच्याकडं पाठ केली, नाहीतर त्यांना बोलता आलं नसतं.

"नाही, सहादेव. बऱ्या नाहीत. त्यांना माणूस ओळखू येत नाही. धनश्रीला त्या सुभी म्हणून देऊन बसल्या. नवरात्रापासून हे चाललंय. मला माहीत होतं आणि मी तुमच्यापासून लपवलं."

भाच्यानं हातातल्या साखरेकडं बघितलं आणि ती कुठं ठेवावी हे त्याला कळेना. एक म्हातारा हळूच म्हणाला, "सुभीचं नाव घेतलं असंल, तर ही बोलनी न्हवं." बाकीच्यांनी माना डोलावल्या. मुकादम मात्र मॅडमकडं बघत होता. पुढचा प्रश्न कुठला येणार, हे त्याला ठाऊक होतं.

"मंग," सहादेव म्हणाला, "पोरीजवळ कोन हाय?"

इतकी वर्षं हा प्रश्न मॅडमनी दारोदार विचारला होता. उत्तर देताना माणसं मान खाली का घालतात, हे त्यांना कधी नीट कळलं नव्हतं.

"मी आहे," त्या म्हणाल्या.

"दिसा व्हय. पन रातच्याला?"

"रात्रीसुद्धा. आजपासून. तिची परीक्षा होऊन तुम्ही परत येईपर्यंत मी या घरात राहते. आजींना मी बघेन."

सहादेव रडत होता की वारा होता, कळलं नाही. "तुमी हाय तर ऱ्हाऊ द्या तिला," तो म्हणाला. आणि फोन ठेवता ठेवता, अगदी साधेपणानं, "पन मॅडम, फुडल्या दसऱ्याला वो?"

मुकादमानं त्यांच्या हातातून फोन अलगद काढून घेतला.

"फुडल्या दसऱ्याचं फुडं बगू," तो म्हणाला, फोनमध्ये की मॅडमना, कोण जाणे. "मी कुटं जातुया? हितंच हाय." त्यानं चौघांना रामराम केला, भाच्याला पुढं घातलं आणि गाडीत जाऊन बसला. गाडी लगेच सुरू झाली नाही. लिंबाखाली ती बराच वेळ तशीच उभी होती.

धनश्री दारातून आत आली. तिनं चूल पेटवली आणि तिघींसाठी पीठ काढलं. दगडाबाई कोपऱ्यात आपलं बोचकं बांधत बसली होती. मॅडम तिच्याजवळ जाऊन टेकल्या.

"टोळीत नवी का गं तू?" म्हातारीनं विचारलं. "जोडीदार कुटाय तुजा?"

"जोडीदार नाही, आजी."

"मंग तुला कोन नेनार?" दगडाबाईला खरोखरच त्यांची कीव आली. तिनं मॅडमच्या पाठीवरून हात फिरवला. "एकलीला कुनी नेत न्हाई, बाई."

"नको नेऊ दे," मॅडम म्हणाल्या.

बाहेर अंधारून येत होतं. गाडीचे दिवे लागले, भिंतीवरून एकदा फिरले आणि वस्तीच्या वाटेनं निघून गेले. मॅडम उठल्या आणि त्यांनी दाराला आतून कडी घातली.