फळीवरचा संघ

सामन्याच्या दिवशी सकाळी कंपाउंडरच्या स्वयंपाकघराचं दार आतून लावलेलं असे. धाकटा भाऊ उजवा पाय स्टुलावर टाकून बसे आणि कंपाउंडर जमिनीवर मांडी घालून त्याच्या घोट्याला पट्टी बांधे. टाचेखालून, पावलावरून, पुन्हा घोट्याला वळसा. वर लांब मोजा ओढला की खाली काही आहे, असं आईलासुद्धा कळलं नसतं.

“दादा, आज जरा घट्ट बांध.”

“रक्त अडेल रे.”

“अडू दे. सामना संपेपर्यंतचा तर प्रश्न आहे.”

कंपाउंडरची बायको ओट्याशी पाठमोरी उभी असे. “पट्टीनं पाय झाकला जातो, बरा होत नाही,” एवढं एकदा ती म्हणाली होती. त्यावर धाकट्यानं मोजा वर ओढून घेतला, आणि तिनं तो विषय पुन्हा काढला नाही.

कंपाउंडरचा हात हलका होता. डॉक्टरांना बघताच रडून दवाखाना डोक्यावर घेणारी मुलं त्याच्यापुढे मुकाट्यानं दंड धरत. वडील लवकर गेले, तेव्हा या धाकट्याला त्यानंच वाढवलं, त्यानंच पहिली हॉकी स्टिक आणून दिली. पुढे पोरगा इतका छान खेळू लागला की कारखान्यानं त्याला बोलावून नोकरी दिली. तिथला रिवाज सगळ्या गावाला माहीत होता. संघात खेळणाऱ्याला गोदामात, सावलीतलं काम. संघातून गेला की भट्टी. दिवसभर उभं राहून लोखंड ओढायचं. धाकट्याला दोन लहान मुली होत्या आणि घोटा असा झालेला.

एकदा “ओळखीतल्या एकाचा पाय” म्हणून कंपाउंडरनं डॉक्टरांना विचारून घेतलं होतं. डॉक्टर म्हणाले, “एक मोसम पूर्ण विश्रांती दिली तर सुधारेल. असाच पळत राहिला तर जन्माचा लंगडा होईल.”

घरी येऊन त्यानं ते सांगितलं. धाकटा हसला. “मोसमभर बाहेर बसलेल्याला परत कोण घेतंय, दादा?” विषय तिथंच मिटला.

त्या वर्षी संघ हरत सुटला होता. संध्याकाळी सायकल दुकानात त्याचीच चर्चा. दुकानाच्या मागच्या बाजूला एक तेलकट फळी होती. तिच्यावर खडूनं मैदान आखलेलं आणि ट्यूबच्या तोंडावरच्या काळ्या टोप्या म्हणजे खेळाडू. सेंटर हाफ तेवढा लाल टोपीचा, कारण सगळा खेळ त्याच्याभोवती फिरायचा. तो धाकटा. गोलकीपर म्हणजे जुन्या घंटीची वाटी. माणूस तसाच रुंद होता. त्याला सगळे ‘भिंत’ म्हणत.

हा नुसता पोरखेळ नव्हता. कारखान्याच्या साहेबांचा ड्रायव्हर रोज संध्याकाळी तिथं येऊन बसे, आणि फळीवर जे ठरे ते सकाळी गाडीत साहेबांच्या कानावर जाई. साहेबांना हॉकीतलं फारसं कळत नव्हतं. वरून बोलणी बसली की ‘लोकांचीच मागणी होती’ म्हणायला त्यांना काहीतरी हवं असे.

“साहेबांनी या वर्षी तीन फॉरवर्ड आणले,” पाट्या रंगवणारा पेंटर म्हणाला. “तिघंही डावीकडूनच पळतात. तीन डावे जोडे घेऊन कोणी दुकानातून बाहेर पडतं का?”

“स्वस्तात मिळाले असतील,” सायकलवाला म्हणाला.

“आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?” पोस्टातून निवृत्त झालेले नाना बोलले. “पोरं तयार करायला नकोत, जुन्यांना वेळेवर बसवायला नको. नुसती ठिगळं लावायची. ए ड्रायव्हर, हे सांग तुझ्या साहेबांना.”

“मी आपला गाडी चालवतो, नाना.”

“म्हणूनच तुला सांगतोय. कारखान्यात पुढे बघून चालवणारा तू एकटाच आहेस.”

सगळे हसले. हसू ओसरल्यावर नानांनी लाल टोपी उचलली आणि बोटांत फिरवत राहिले. कंपाउंडरकडे न बघता ते म्हणाले, “राग मानू नका. पण मधला माणूस हल्ली उशिरा वळतो.”

पेंटरनं उगाच खडू उचलून गोलाची रेघ पुन्हा गिरवली. कंपाउंडर कमी बोलणारा, पण खेळ नीट बघणारा. शिवाय घरचा माणूस. तो म्हणेल ते खरं, असं त्या दुकानात होतं.

नानांचं बरोबर होतं, हे त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. समोरचा उजवीकडून निसटला की धाकट्याला त्या पायावर वळता येत नसे, आणि चेंडू थेट भिंतीच्या अंगावर येई. एवढं बोलायचं होतं. त्याऐवजी त्याच्या डोळ्यांपुढे भट्टीचं दार आलं.

त्यानं नानांच्या हातातून लाल टोपी घेतली आणि जागच्या जागी ठेवली. “चेंडू शेवटी जातो कुणाच्या पायातून?” तो म्हणाला. “भिंतीलाच तडा गेलाय, नाना. मधल्याला कशाला बोल?”

त्यानं घंटीची वाटी उचलली आणि शर्टाच्या खिशात टाकली.

“हे मात्र मला आधीपासून वाटत होतं,” पेंटर लगेच म्हणाला. नानांनी नुसती मान हलवली. ड्रायव्हरनं खिशाकडे एकदा बघून घेतलं.

आठवड्याच्या आत भिंत भट्टीवर गेला.

थोड्या दिवसांनी तो दवाखान्यात आला. मनगटावर भाजलं होतं. गोलात उभा राहिला की डोंगरासारखा वाटणारा माणूस बाकावर अंग चोरून बसला. कंपाउंडरनं खाली मान घालून जखम धुतली, मलम लावलं.

“हात हलका आहे तुमचा,” भिंत म्हणाला. “धाकट्याची पट्टीसुद्धा सुरेख असते. मोजा काढला तरी सैल झालेली नसते.”

कंपाउंडरचा हात थांबला.

“कपडे बदलताना दिसायची. मोसम सुरू झाला तेव्हापासून. मी कुणाला बोललो नाही. म्हटलं, दोन पोरी आहेत त्याच्या. येतील तेवढे चेंडू अडवू आपण.” मग तो म्हणाला, “सगळे नाही अडवता आले.”

फळीवर कोणी काय म्हटलं ते त्याच्या कानावर आलं होतं की नाही, हे त्याच्या तोंडावरून कळेना. कंपाउंडरनं गाठ मारली. ती नीट बसली नाही, म्हणून सोडून पुन्हा मारली. महिना संपायच्या आत भिंत बायकोला घेऊन सासऱ्याच्या गावी निघून गेला.

नवा गोलकीपर घाबरट निघाला. त्याला सांभाळायला धाकटा आणखी मागे राहू लागला, आणखी वळू लागला. पुढच्याच सामन्यात एका फॉरवर्डच्या मागे तो वळला आणि पाय तिथंच राहिला. कंपाउंडर कुंपणावरून उडी टाकून आत गेला, तेव्हा धाकटा ओरडतही नव्हता. हातांनी गवत धरून पडला होता. “दादा, पट्टी सुटली वाटतं,” तो म्हणाला.

पट्टी जशीच्या तशी होती.

डॉक्टरांनी पाय बघितला, मग कंपाउंडरकडे बघितलं. “ओळखीतला म्हणालात तो हाच का?” त्यानं मान हलवली. डॉक्टर हात धुवायला उठले ते बराच वेळ नळाशीच उभे राहिले.

बऱ्याच दिवसांनी कंपाउंडर सायकल दुकानात गेला. चर्चा चालूच होती. साहेब बदलावेत की संघच बंद करावा, यावर पेंटर आणि सायकलवाल्याची जुंपली होती. त्याला बघून दोघं थांबले आणि नानांनी सरकून जागा केली.

“बसा. आता मध्ये कोणाला घालावं, तुम्हीच सांगा. तुमची नजर चांगली आहे.”

कंपाउंडरनं खिशातून घंटीची वाटी काढली आणि गोलात ठेवली.

“तो तर गाव सोडून गेला की,” पेंटर म्हणाला.

“तडा भिंतीला नव्हता. मला माहीत होतं. मोसमभर मीच पट्टी बांधत होतो.”

बाहेर कोणीतरी हवा भरायला आलं होतं, पण सायकलवाला उठला नाही. नानांनी त्या वाटीवरून बोट फिरवलं. “आम्हाला सांगितलं असतंत,” ते म्हणाले, “तर एक मोसम त्याला बसवा म्हणून आम्हीच ओरडलो असतो. त्याची जागा राखा म्हणालो असतो. साहेबांनी ऐकलंही असतं. आमचं काय, आम्ही नाहीतरी ओरडतच होतो.”

कंपाउंडरला हे सुचलंच नव्हतं.

धाकट्याला भट्टीवर पाठवता येईना, म्हणून कारखान्यानं त्याला फाटकावर स्टुलावर बसवलं. अर्ध्या पगारावर. तिथवर चालत जायलासुद्धा पट्टी लागते. आता ती रोज बांधावी लागते आणि स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायचं कारण उरलेलं नाही. मुली समोर बसून बघतात.

“घट्ट झाली का रे?” कंपाउंडर विचारतो.

“कळत नाही, दादा,” धाकटा म्हणतो आणि काठीकडे हात पुढे करतो.