प्रेमाताईचं उतरवलेलं नाव

सापगावची प्रेमाताई मसाला कुटून विकायची. मिरचीचे देठ स्वतः खुडायची. शहापूरच्या बाजारात तांदळाच्या भाकरीच्या तुकड्याला तेल-मसाला लावून आधी गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवायची. "खा, मग पैसे दे." पार मुरबाडपर्यंत लोक तिच्या नावानं मसाला मागायचे.

हे नाव विकायला लावलं तिच्याच भाच्यानं. दीपेश तिच्या घरी राहून शिकला आणि कल्याणला एका मसाला कंपनीचे हिशेब बघायला लागला.

"आत्या, कांडपाचं मशीन नि शेड, त्यांची किंमत ती केवढीशी! वरचे पैसे कंपनी देते ते तुझ्या नावाचे. गुडविल म्हणतात त्याला. आमच्या हिशेबात ती मालमत्ता."

ताई हरखली. तिची अट एकच होती, देठ काढल्याबिगर मिरची कांडायची नाय. भाच्यानं मान डोलावली. कागदावर ती अट आलीच नाही. घरच्या पोराकडून लिहून कोण घेतं?

पाकिटांवर ठळक अक्षरांत प्रेमाताई आणि आत देठांसकट मिरची, वर रंग! गिऱ्हाइकांनी आधी तोंड वाकडं केलं, मग पाठ फिरवली.

यंदा मार्च संपल्यावर दीपेश आला. चहा पिता पिता म्हणाला, "आत्या, गुडविल दरसाल तपासायला लागतं. पुढं किती कमवून देईल ते बघतात. तुझं काय कमवत नाय. शून्यावर आणलं."

"कोणी रे?"

"हिशेब मीच केला."

"मग माझं नाव मला परत दे."

"तसं नाय होत गो. किंमत शून्य, तरी नाव कंपनीचंच."

"मी चांगला मसाला करून देते. परत चढव."

"गुडविल एकदा उतरवलं की परत चढवता येत नाय."

मी असतो तर त्याच्या चहात मूठभर मीठ घातलं असतं. केसानं गळा कापला मेल्यानं! ताईनं त्याला आणखी अर्धा कप दिला आणि तो गेल्यावर चुलीपुढे बसून रडली.

आता ती पुन्हा बाजारात बसते, बिननावाच्या पिशव्या घेऊन. परवा मी शेजारीच भाजी घेत होतो. मुरबाडकडची एक बाई तिच्यापुढे थांबली, भाकरीचा तुकडा खाल्ला आणि बोटं चाटली.

"बेस हाय गो मावशी! पण प्रेमाताईचा नाय ना? तो नेला तर सासू घरात घेणार नाय."

ताई खाली बघून पिशवीला गाठ मारत होती.

"नाय," ती म्हणाली, "तिचा नाय."