बुटातला पहिला हंगाम

छप्पन साली राज्यांची नवी मांडणी झाली आणि आमचं बुऱ्हाणपूर नागपूरच्या राज्यातून निघून भोपाळच्या राज्यात गेलं, तेव्हा मी गावातल्या एका शाळेत मास्तर होतो आणि संध्याकाळी गावच्या फुटबॉल क्लबचा गोलकीपर. अक्षर बरं होतं म्हणून क्लबचा सेक्रेटरीही मलाच केलं होतं. क्लब म्हणजे गावाच्या परकोटाच्या भिंतीबाहेरचं एक मैदान, बांबूचे दोन गोल आणि पंधरा-सोळा माणसं. मैदानाचा एक कोपरा ताप्तीच्या बाजूला उतरता होता. चेंडू तिकडे गेला की आपोआप घरंगळायचा, आणि बाहेरगावच्या टीमला ते कळेपर्यंत अर्धा खेळ संपलेला असायचा.

आमचा कॅप्टन एका कापड कारखान्यात जॉबर होता. बिघडलेले माग दुरुस्त करणं हे त्याचं काम. चाळिशीला टेकलेला, बोलायला कमी. आम्ही सगळे त्याला दादा म्हणायचो. डाव्या बाजूने पळायचा तो जवळच्या दापोरा गावचा शेतकरी. केळीला पाणी लावून सायकलवर यायचा, सायकल भिंतीला टेकवायचा आणि धोतर खोचून थेट मैदानात. तो पळायला लागला की बसलेले बघे उभे राहायचे. बाकीचे बहुतेक मागावर काम करणारे. लीगच्या सगळ्यात खालच्या गटात आम्ही वर्षानुवर्षं होतो आणि त्याचं कुणाला फारसं दुःखही नव्हतं. रविवारी खेळायला मिळायचं, एवढं पुरे होतं.

खेळायचो मात्र उघड्या पायांनी. घोट्याला कारखान्यातल्या चिंध्यांच्या पट्ट्या बांधल्या की झाली तयारी.

मग भोपाळहून लीगच्या नव्या ऑफिसचं पत्र आलं. हिंदीत, टाईप केलेलं. मी ते मैदानावर सगळ्यांना वाचून दाखवलं. या हंगामापासून बुटांशिवाय कुणाला खेळता येणार नाही, आणि हंगामाच्या शेवटी जी टीम तळाला राहील तिचं नाव लीगमधून काढलं जाईल.

मग दापोऱ्याचा शेतकरी आपल्या पायांकडे बघत म्हणाला, "मास्तर, हे पाय कोण्या बुटात जातीन?"

त्याचं खरं होतं. जन्मभर शेतात चाललेले ते पाय पुढे पंख्यासारखे पसरले होते. दादाने विचार करून सांगितलं, "बनवून घेऊ. पिकर करणारा आहे ना आपला."

मागावर धोट्याला ठोका देणारा चामड्याचा तुकडा असतो, त्याला पिकर म्हणतात. ते करून देणारा एक म्हातारा चांभार बाजारात बसायचा. त्याने फुटबॉलचे बूट कधी पाहिले नव्हते. मी वर्तमानपत्रातलं एक चित्र घेऊन गेलो. त्याने चष्मा वर करून ते निरखलं आणि विचारलं, "मास्तर, याच्या खाली हे दात कायले?"

"पाय घसरू नये म्हणून."

"माणूस घसरते का कधी पायाने?" तो पुटपुटला, पण बसला कामाला. महिनाभरात त्याने सगळ्यांचे बूट केले. मागाला वापरतात तेच जाड चामडं, खाली चामड्याच्याच चकत्या खिळ्यांनी ठोकलेल्या. एकेक बूट हातात घेतला तर वजन म्हणून काट्यावर टाकावासा वाटे.

त्या बुटांत आम्ही पहिली मॅच खेळलो ती मला अजून आठवते. आठवायला नको वाटते. शेतकरी पळता पळता स्वतःच्याच पायात पाय अडकून पडला. मी गोलमधून जोरात किक मारली तर चेंडू जागेवरच राहिला आणि बूट उडून पुढे गेला. लोक हसून हसून खाली बसले. सहा गोल झाले आमच्यावर.

दादाने सांगितलं, "दिवसभर घालायचे. झोपताना काढायचे." म्हणून मी बूट घालून वर्गात शिकवायला लागलो. फरशीवर टकटक आवाज व्हायचा. हेडमास्तर दारात येऊन म्हणाले, "काय हो, घोड्यावरून आलात का?" वर्ग हसत सुटला. मी खाली मान घालून फळ्यावर गणित लिहीत राहिलो. शेतकरी तर बूट घालूनच केळीला पाणी लावायचा. चिखलात ते भिजून फुगायचे, आणि रोज त्याची बायको ते चुलीजवळ वाळत ठेवायची. चामडं लाकडासारखं कडक होऊन गेलं. "आता मी सोडतो दादा," तो एकदा म्हणाला. "तुमच्या मधात अडथळा होऊन राह्यलो." दादा त्याला एवढंच म्हणाला, "तू रविवारी ये."

हळूहळू जमायला लागलं. दोन मॅच बरोबरीत सुटल्या, एक तर जिंकलोही. पण शेवटच्या रविवारी हिशेब असा होऊन बसला की तळाला दोन टीम, दोघींचे गुण सारखे, आणि त्या दोघींचीच एकमेकांशी मॅच बाकी. हरेल ती लीगमधून बाहेर. मॅच आमच्याच मैदानावर होती. त्या आठवड्यात मला जेवण जात नव्हतं.

दुसरी टीम माळव्याकडच्या एका जुन्या संस्थानातली. तिथल्या राजाने ती उभी केली होती. त्यांना बूट, जर्सी सगळं पहिल्यापासून. आम्हाला वाटलं, मोठ्या थाटात येतील. मी स्टेशनवर घ्यायला गेलो तर थर्ड क्लासच्या डब्यातून अकरा दमलेली माणसं उतरली. त्यांच्या जर्सी उडालेल्या निळ्या रंगाच्या होत्या आणि प्रत्येकाच्या छातीवर एक गडद निळा गोल दिसत होता. संस्थानचं चिन्ह उसवून काढलेली ती जागा. त्यांचा गोलकीपर माझ्याहून वीस वर्षांनी मोठा, मिश्या पांढऱ्या व्हायला लागलेल्या. टांग्यात माझ्याशेजारी बसल्यावर त्याने सांगितलं की तो राजाच्या पलटणीत हवालदार होता. संस्थान विलीन झालं, पलटण मोडली. आता तो कचेरीत चपराशी होता.

"आपके यहाँ भी यही हाल?" त्याने विचारलं.

"हमारे यहाँ राजा था ही नहीं," मी म्हणालो. तो मोठ्याने हसला. मला तो आवडला, आणि त्याचंच मला जास्त ओझं झालं.

मॅच सुरू झाली. पहिला गोल त्यांनी केला, तो माझ्या चुकीने. उतरत्या कोपऱ्यातून चढावर मंदावत आलेला चेंडू मी पुढे जाऊन घ्यायला हवा होता, मी थांबलो. आपलंच मैदान, आपलाच उतार, आणि फसलो मी. थोड्याच वेळात दुसरं संकट आलं. शेतकरी वळला आणि त्याच्या उजव्या बुटाचा तळ पुढून पूर्ण उघडला, मगरीच्या तोंडासारखा. रेफरीने शिट्टी वाजवली. "जूता नहीं तो बाहर."

तो बाहेर जाऊन भिंतीजवळ बसला. आम्ही दहाजण हाफ टाईमपर्यंत कसेबसे तगलो. गावात बूट होते ते सगळे मैदानावरच होते, आणि एकाचाही त्याच्या पायात जाणारा नव्हता.

हाफ टाईमला त्यांचा तो हवालदार मैदान ओलांडून आमच्याकडे आला. हातात जुन्या, मऊ पडलेल्या बुटांचा जोड होता. "मेरे पास दूसरे हैं. इनको देखो, चौड़े हैं."

शेतकऱ्याने पाय घातला. गेला. त्याने वर बघितलं, तोंड उघडंच राहिलं. "यह तो चप्पल जैसा है!"

दादा म्हणाला, "हवालदारसाहेब, हारोगे तो तुम्हारा नाम कट जाएगा."

"मालूम है," तो म्हणाला. "ग्यारह से खेलने आए हैं, दस से नहीं."

दुसऱ्या हाफमध्ये शेतकरी असा पळाला की मी माझा गोल सोडून बघत राहिलो. एकदा तो दोघांना मागे टाकून कोपऱ्यापर्यंत गेला, तिथून चेंडू उचलून दिला आणि दादाने डोक्याने आत घातला. हवालदाराचा हात पोचला होता, अडवता मात्र आला नाही. एक-एक. मग अगदी शेवटी त्यांचा एकजण माझ्यासमोर एकटा आला. मी डोळे मिटले असं लोक सांगतात. मी नाकारणार नाही. चेंडू माझ्या त्या अवजड बुटाच्या टोकाला लागून बारवरून गेला. शिट्टी झाली.

बरोबरी. कुणी हरलं नव्हतं आणि कुणी वाचलंही नव्हतं. रेफरीने सांगितलं, निर्णय ऑफिस कळवेल. स्टेशनवर शेतकऱ्याने बूट पुसून परत केले आणि केळीचा एक अख्खा घड त्यांच्या डब्यात चढवला. गाडी हलेपर्यंत हवालदार माझा हात धरून होता. मी मनात म्हणत होतो, आपलं नाव राहू दे. त्याचा हात हातात असताना असं म्हणताना लाज वाटली, तरी म्हणत होतो.

महिन्याने पत्र आलं. शाळा नुकतीच सुटली होती. मी व्हरांड्यात उभ्याउभ्या ते फोडलं आणि दोनदा वाचलं. नव्या राज्यातल्या सगळ्या भागांच्या टीम एकत्र करून लीग नव्याने मांडणार होते. म्हणून यंदा कुणाचंच नाव काढलेलं नव्हतं. सोबत यादी होती. खालच्या गटात आम्ही होतो, आणि आमच्या दोन ओळी खाली तेही होते.

सायकल काढून मी कारखान्यात गेलो. आत मागांचा असा खडखडाट की स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येईना. दादा एका बंद मागाखाली आडवा पडून काहीतरी आवळत होता. मी त्याचा पाय हलवला. तो बाहेर आला, तेलकट हात पुसत माझ्या तोंडाकडे बघायला लागला. मागांच्या आवाजात काम करणाऱ्यांना ओठांवरून बोलणं कळतं.

"राहिलो!" मी ओरडलो.

त्याने पहिलं काय विचारलं, तर, "आणि ते?"

"तेही!"

तो बॉबिनच्या पेटीवर बसला आणि हसायला लागला. खांदे हलत होते, आवाज ऐकू येत नव्हता. आजूबाजूचे दोघे-तिघे कारागीर माग चालू ठेवून बघत होते. त्यांनाही कळलं असावं, कारण एकाने दुरूनच हात वर केला. मग दादाने पाना उचलला आणि पुन्हा मागाखाली गेला.

मी बाहेर आलो. समोरच्या हॉटेलात चहा सांगितला आणि बऱ्याच दिवसांनी तो गरम असतानाच प्यायलो.