पिचरची बॅटिंग

आई गेल्यावर बाबांना नागपूरहून शिकागोला आणलं, तेव्हा ते जवळजवळ बोलतच नव्हते. काही विचारलं तर 'हो', 'नको', 'चालेल'. डेव्हन रस्त्यावरच्या देशी दुकानांत भाजी आणायला नेलं तरी गाडीतच बसून राहायचे. घरी टीव्हीसमोर बसत, आणि उन्हाळ्यात आमच्याकडे टीव्हीवर बेसबॉलच असायचा.

माझी मुलगी तेव्हा हायस्कूलमध्ये होती. ती सोफ्यावर पाय वर घेऊन आजोबांशेजारी बसायची आणि आपल्या मोडक्या मराठीत खेळ समजावून सांगायची. पिचर म्हणजे आपला बॉलर, हे बाबांना लगेच कळलं. एकदा तोच पिचर सगळ्यांच्या शेवटी बॅट घेऊन उतरला, तेव्हा ते पुढे सरकून बसले.

"आता हा काय करेल?"

"नथिंग, आजोबा. आऊट होणार. पिचर्स कान्ट हिट."

तो आऊट झालाच, पण त्याआधी त्यानं समोरच्या पिचरला चांगलंच दमवलं. बाबांना तो आवडला. मुलीनं लॅपटॉपवर त्याचे सगळ्या करिअरचे आकडे काढले. चांगला बॅटर दहांतून तीनदा हिट मारतो, याला दोनदाही जमत नव्हतं.

"सी? ही इज टेरिबल."

"अगं, बॉलर आहे तो. बाकीच्या बॉलरांचे आकडे काढ."

तिनं काढले. बाकीच्यांची अवस्था फारच वाईट होती, दहांतून जेमतेम एकदा. बाबा ती आकड्यांची रांग बराच वेळ वाचत राहिले. मग एकदम म्हणाले, "मी अकरा नंबरला जायचो. ऑफिसच्या टीममध्ये. तुझी आजी झाडाखाली उभी राहून बघायची. मी आऊट होऊन परत आलो की ती एकटीच टाळ्या वाजवायची. सगळे हसायचे. मी किती चिडायचो तिच्यावर!"

मी पोळ्या लाटत होते. आई गेल्यानंतर बाबांच्या तोंडून तिचा उल्लेख मी पहिल्यांदाच ऐकत होते. तवा तापून धूर निघाला तरी मी तशीच उभी राहिले.

त्यानंतर तो पिचर आमच्या घरचाच झाला. पुढे नियम बदलला, पिचरांनी बॅटिंग करायचीच नाही असं ठरलं. बाबांना फार लागलं. "येत नाही म्हणून काय, जाऊ पण द्यायचं नाही?" असं ते जेवताना दोन-तीनदा म्हणाले.

पुढच्या वर्षी त्यांना स्ट्रोक आला. उजवा हात गेला आणि वाचाही गेली. स्पीच थेरपिस्ट सफरचंदाचं चित्र दाखवायची. बाबांचे ओठ हलायचे, शब्द यायचा नाही. मग ते भिंतीकडे मान फिरवायचे.

तो पिचर रिटायर झाला त्या दिवशी टीव्हीवर त्याच्या बॉलिंगचं भरभरून कौतुक चाललं होतं. बाबा डावा हात आपटू लागले, घशातून आवाज काढू लागले. मला वाटलं, काहीतरी दुखतंय. मी गोळी आणायला धावले.

"आई, थांब," मुलगी म्हणाली. "दे डिडन्ट से एनीथिंग अबाउट हिज बॅटिंग."

ती त्यांच्या खुर्चीशी जमिनीवर बसली आणि फोनवरून एकेका वर्षाचे बॅटिंगचे आकडे वाचू लागली, आधी त्याचे आणि मग बाकीच्या पिचरांचे. बाबा डोळे मिटून ऐकत होते. त्यांचा हात हळूहळू शांत झाला. मी दारात गोळी आणि पाणी घेऊन उभी होते. माझ्या बापाला काय हवंय ते माझ्या मुलीला कळलं, मला नाही.

त्याच हिवाळ्यात बाबा गेले. बाहेर इतका बर्फ होता की अंत्यदर्शनाला मोजकेच लोक येऊ शकले. त्यातल्या एका काकूंनी पसायदान म्हटलं. मुलीला शब्द येत नव्हते, पण ती शेवटपर्यंत हात जोडून उभी होती.

आता ती कॉलेजला असते. उन्हाळ्यात घरी आली, तिनं मॅच लावली. मला बघवेना, मी रिमोट उचलला.

"राहू दे ना, आई," ती म्हणाली.

मी आवाज थोडा कमी केला आणि तिच्याजवळ बसून भेंडी चिरायला घेतली.