जयवंतीने वाचनालयात काढलेला चौक

तलासरीच्या डोंगराकडच्या एका पाड्यावर जयवंतीचं वाचनालय आहे. वाचनालय म्हणजे काय, तर एक खोली. कुडाच्या भिंती, दोन लोखंडी कपाटं, एक लांब बाकडं आणि साडेआठशे पुस्तकं, त्यातली शंभरेक वाळवीने चाखलेली. पण जयवंतीच्या तोंडून वर्णन ऐकाल तर वाटेल, मुंबईवाल्यांनी इथे येऊन रांग लावावी. डहाणूला राहून ग्रंथपालाचा कोर्स करणारी त्या पाड्यावरची ती पहिली पोर, तेव्हा एवढी मिजास तिला माफ आहे.

चार वाजता कुलूप लावलं की बाई वही घेऊन घराघरात फिरायची. हा पाडा आधी कुठे होता, ही विहीर कुणी खणली, कुठलं शेत कुणी मोकळं केलं, सगळं लिहून घ्यायची. उरलेल्या वेळात कागदावर वारली चित्रं काढायची. तीन वह्या भरल्या, त्यातल्या अडीच एकट्या बुधीकाकीच्या बोलण्याने. बुधी म्हणजे पाड्याची धवलेरी. लग्नात गाणी म्हणून लग्न लावते ती. सात पिढ्यांची नावं तिच्या जिभेवर, आणि जीभही तशीच तिखट.

वाचनालयाला दहा वर्षं झाली तेव्हा जयवंतीला हुक्की आली, भिंत सजवू या. गेरू सारवला, तांदळाचं पीठ कालवलं आणि चार दिवस खपून लग्नाचा चौक काढला, लग्नघरात भिंतीवर काढतात तो. मधोमध लग्नाची देवी, पालघाट, तीसुद्धा. काम झकास झालं होतं, यात वाद नाही. बुधी बघायला आली आणि पायरीवरच थांबली.

"नवरी कोण?" तिने विचारलं.

"कुणी नाही काकी. शोभेला काढलाय."

"शोभेला मोर काढ, ताड काढ. देवीला बोलावलंस आणि लग्न कुणाचं ते तुलाच ठाऊक नाही?" बुधी म्हणाली. "आणि तू कुमारी. चौक सवाष्णी काढतात, एवढं तरी तुझ्या वहीत असेल ना?"

होतं की. दुसऱ्या वहीत होतं, जयवंतीच्याच अक्षरात. कागदावर रोज चौक काढून काढून बाईला भिंतीचा विसर पडला होता. पुसून टाकते म्हणाली, तर बुधीने मान हलवली. लग्नाशिवाय देवी पुसायची कुणी?

कुणी भांडलं नाही, शिव्या दिल्या नाहीत. फक्त पाड्याने आत पाऊल टाकणं बंद केलं; लग्नाविना बोलावलेल्या देवीपुढे कोण जाणार? पोरं पुस्तक मागायची ती दारातून. बुधीने तोंड मिटलं ते मिटलंच. दोन महिन्यांनी वाचनालयाच्या समितीने निरोप धाडला, माणसं येत नसतील तर होळीनंतर पुस्तकं तालुक्याला हलवू. जयवंतीचं जेवणावरचं मन उडालं. जी खोली तिने विटेविटेने नाही, पुस्तकापुस्तकाने उभी केली, ती तिच्याच हाताने बुडत होती.

मग ती नवरी शोधायला निघाली. पाड्यावर दोन लग्नं ठरलेली होती, पण दोन्हींना डीजे हवा होता. वाचनालयात कोण लग्न करतंय? संध्याकाळी ती घरी येऊन चुलीपुढे चरफडत बसली. आई, सुकी, सुपात तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मग माझंच लावा."

जयवंती हसली. मग तिचं लक्ष बापाकडे गेलं. लक्ष्या गुपचूप जमिनीकडे बघत होता.

आता या भागात ही रीतच आहे. दोघं एकत्र राहायला लागतात, संसार थाटतात, पोरं होतात, आणि ऐपत आली की लग्न लागतं. अकरा घरांची अशी नोंद जयवंतीने केली होती. बाराव्या घरात ती रोज जेवत होती.

"तुमचं झालंच नाही?" तिने विचारलं.

"एकदा ठरलं होतं," सुकी म्हणाली. "भात राखला होता, बोकड राखला होता. तेव्हाच तू म्हणालीस, डहाणूला कोर्सला जाते. भात गेला, बोकडही गेला."

"मला सांगितलं का नाहीस, आये?"

"तू विचारलंस कुठं? चार वर्षं बुधीच्या दारात जातेस."

जयवंतीला आधी लाज वाटली, मग नुसती माया दाटून आली. तिचं सगळं शिक्षण या बाईच्या न झालेल्या लग्नावर उभं होतं, आणि त्याबद्दल कधी एक शब्द या घरात निघाला नव्हता.

माघात वाचनालयातल्या त्याच चौकापुढे सुकी-लक्ष्याचं लग्न लागलं. बुधीने आधी जयवंतीला दाराबाहेर काढलं. सवाष्णी आत शिरल्या, ताज्या पिठाने तिच्या रेषांवरून रेषा काढल्या, आणि देवीचा डावा हात वाकडा झालाय हेही मोठ्याने सांगून झालं. लक्ष्या चोवीस वर्षांच्या पोरासारखा लाजत होता. बुधी गायला लागली तसा सगळा पाडा खोलीत शिरला, मागची पोरं कपाटांना टेकली, आणि दारात उभी जयवंती ऐकत राहिली. एवढे लोक तिने त्या खोलीत कधी पाहिले नव्हते.

तिसऱ्या दिवशी सकाळी वाचनालय उघडलं तर पहिली आली ती सुकी. अंगाची हळद अजून उतरली नव्हती. दहा वर्षांत ती कधी उंबरा ओलांडून आली नव्हती. मला अक्षर येत नाही, माझं तिथं काय काम, म्हणायची. बाकड्यावर ऐसपैस बसली.

"बुधीचं लिहून झालं?"

"तीन वह्या झाल्या."

"मग नवी काढ."

जयवंतीने नवी वही काढली, पहिल्या पानावर नाव घातलं.

"काय लिहिलंस?" सुकीने विचारलं.

"जयवंतीची आई."

"खोड ते," सुकी म्हणाली. "सुकी लिही."

जयवंतीने खोडलं, सुकी लिहिलं, पदराने डोळे पुसले आणि विचारलं, "पुढं?"