मधली तारीख

पुण्यात मी इतिहास शिकवायचे. नवऱ्याच्या नोकरीमागे नेदरलँड्समध्ये झूटरमेरला आले आणि पाच वर्षं नुसते डबे भरले. मग युट्रेख्टच्या एका संशोधन प्रकल्पात काम मिळालं. जुन्या इंग्रजी पत्रांचे स्कॅन वाचायचे आणि टाइप करायचे. विषय एकच: फौजेचा खर्च वसाहतीनं किती सोसायचा आणि विलायतेनं किती, यावरची घासाघीस. मंडईत मेथीच्या जुडीवरून होते तीच, फक्त अक्षर वळणदार आणि शेवटी 'आपला आज्ञाधारक सेवक'.

त्या वर्षी माझे वडील तीन महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे आले होते. वय चौऱ्याऐंशी, छातीत पेसमेकर. त्यांचे आजोबा साताऱ्याकडचे शिपाई. पहिल्या महायुद्धात बसऱ्याच्या बाजूला गेले आणि बेपत्ता झाले. नेमके कधी गेले ते घरात कुणालाच कळलं नाही. म्हणून पितृपक्षात त्यांचं पान सर्वपित्री अमावास्येला, ज्यांची तिथी माहीत नाही अशा सगळ्यांबरोबर. बाबांना हे आयुष्यभर खुपत होतं. "त्यांना कायम गर्दीत जेवायला बसवलं आपण," म्हणायचे. मरण्याआधी एकदा तरी आजोबांना त्यांच्या तिथीला वाढायचं, एवढीच त्यांची इच्छा उरली होती.

ऑगस्टअखेर एका फायलीत बेपत्ता शिपायांची यादी निघाली. नाव, बापाचं नाव, गाव, तालुका. गाव आमचं होतं. मी उठून पाणी प्यायले, परत येऊन पुन्हा वाचलं. पणजोबाच होते. मृत्यूच्या रकान्यात तारीख फक्त पहिल्या नावापुढे होती आणि खाली पानभर 'वरीलप्रमाणे' अशा खुणा. एकाच लढाईत सगळे पडले असतील, असं मी धरून चालले. विद्यार्थ्यानं असं केलं असतं तर मी त्याला वर्गात उभं केलं असतं. पण मला घाई झाली होती, बाबांना सांगायची.

त्यांनी माझ्याकडून मोबाइलवर जुनं पंचांग शोधून घेतलं. पंचमी निघाली. बाबा नुसता चष्मा पुसत बसले.

पंचमीला मी रजा काढली. द हेगच्या सुरिनामी दुकानातून केळीची पानं आणली. खीर, वडे, गवारीची भाजी, आमसुलाची चटणी. बाबांनी पान गॅलरीत ठेवलं आणि हात जोडून उभे राहिले. राखाडी मानेचा इथला बुटका कावळा आला आणि वडा घेऊन गेला. "इथलासुद्धा कावळाच आहे," बाबा म्हणाले, आणि त्या दिवशी दोन वाट्या खीर प्यायले.

दोन दिवसांनी त्याच फायलीचा पुढचा गठ्ठा माझ्याकडे आला. शिपाई जिवंत असेपर्यंतचा पगार वसाहतीच्या तिजोरीतून, आणि मेल्यावर बायकोचं पेन्शन विलायतेकडून, असा करार होता. मग बेपत्ता माणूस जिवंत धरायचा की मेलेला? वसाहतीचे साहेब लिहीत होते, दिसेनासे झाले त्याच दिवशी मेले. विलायतेचे साहेब लिहीत होते, खात्री होईपर्यंत जिवंत. दीड वर्ष पत्रं चालली. त्या दीड वर्षात माझी पणजी पगाराविना आणि पेन्शनविना लोकांच्या बांधावर खुरपत होती. शेवटी दोघांनी मधली तारीख धरली, तीच यादीतली. त्या दिवशी कुठे लढाई नव्हती, कुणी मेल्याची नोंद नव्हती. ते सगळे त्या दिवशी टेबलावर मेले होते.

माझ्या डच वरिष्ठ बाईंना दाखवलं. "किती नेटकी तडजोड," त्या म्हणाल्या. "आपल्या लेखात घेऊ." मला त्यांचा राग आला, पण त्यांची काय चूक? खुणा न तपासता घरी धावले ती मी.

अमावास्येला आठ दिवस होते. रोज ट्रेनमध्ये वाक्य जुळवायचे आणि घरी आल्यावर गिळायचे. बाबा फोनवर पुण्यातल्या नातेवाइकांना एकेक करून सांगत होते, "पंचमी, लिहून ठेव. आता माझ्यामागेही पंचमीलाच करायचं."

अमावास्येला पानं मी मांडली. बाबांनी मोजली. "हे एक जास्तीचं कुणाचं गं?"

"तुमच्या आजोबांचं. असू द्या ना."

"त्यांचं झालं की पंचमीला. आता त्यांना परत गर्दीत कशाला बसवायचं?" त्यांनी पान उचलून बाजूला ठेवलं. शंभर वर्षं मिळत होतं ते हक्काचं एक पानही माझ्यामुळे गेलं. मला ब्रह्मांड आठवलं.

मी म्हणाले, "बाबा, त्या तारखेचं जरा सांगायचं होतं."

"मलाही तेच विचारायचंय. ती लिहून कुणी ठेवली असेल?"

त्यांचा हात खिरीच्या पळीवर होता. त्यांनी मान वर करून पाहिलं.

"बरोबरच्या कुणीतरी," मी म्हणाले. "शेजारी असेल कुणी."

"म्हणजे एकटे नव्हते गेले," बाबा म्हणाले, आणि राहिलेली पानं वाढायला लागले.