परातवाल्या काकूंचं माप

मेहकरच्या बाजारात परातवाल्या काकूंचं दुकान होतं, पण तिथे परात विकायला नव्हती. बांगड्या, टिकल्या, रिबिनी, परकर आणि ब्रा, एवढंच मिळायचं. परात एकच होती, जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची, पडद्याआड पाटावर ठेवलेली. ब्रा घ्यायला आलेल्या बाईला काकू पडद्यामागे न्यायच्या, घालायला लावायच्या आणि वर ब्लाऊज चढवला की म्हणायच्या, "आता भाकर थाप." परात रिकामी, पीठ नाही, पाणी नाही. बाई लाजत हसत थापायला लागायची. पंधरा थापांत पट्टा खांद्यावरून घसरला किंवा खालची पट्टी वर सरकली की ती ब्रा परत डब्यात जायची. बाई म्हणायची, "चालते मले." काकू म्हणायच्या, "तुले चालते. मले नाही चालत."

पंधरा हा आकडा मी स्वतः मोजलेला आहे. मला मोजायची सवय आहे. घरात पडदा शिवायचा असो की पापड लाटायचे असोत, मी आधी मोजते आणि मग हात लावते. काकूंकडे पहिल्यांदा गेले तेव्हाही मोजूनच गेले होते. मी सत्तेचाळीस वर्षांची होते. काउंटरशी उभी राहून हळूच म्हटलं, "चौतीस द्या."

"कोणता चौतीस?" काकूंनी विचारलं, आणि आवाज काही हळू केला नाही. "आताचा का लग्नातला?"

खरं सांगायचं तर तो लग्नातलाच होता. बस्त्याच्या वेळी माझ्या आईनं चौतीस घेतली होती. त्यानंतर दोन बाळंतपणं झाली, एक ऑपरेशन झालं, वजन अकरा किलोनं वाढलं, आणि मी चोवीस वर्षं तोच आकडा सांगत राहिले. तरी मी पर्समधून चिठ्ठी काढली. टेप आवळून तीनदा मोजून चौतीसचीच सरासरी काढलेली होती. काकूंनी चिठ्ठी हातात घेतली, उलटी करून मागचा भाग पाहिला आणि मला परत दिली. "बाई, अंग हाये हे. प्लॉट नाही. चाल आत."

आत गेल्यावर कळलं की माझा नंबर छत्तीस होता आणि वाटी दोन मापांनी मोठी हवी होती. कपला त्या वाटीच म्हणायच्या. चाळिशीनंतर पाठ रुंद होते, खांदे उतरतात, अंग काखेकडे आणि खाली सरकतं, हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. काकूंनी ते आंब्याच्या फांदीचं उदाहरण देऊन सांगितलं. "पह्यल्या वर्षाची फांदी अन् पंधराव्या वर्षाची फांदी एकसारखी राह्यते का? मंग आपण काऊन तोच नंबर धरून बसतो?"

त्यांच्या आधी दुकानावर त्यांचे यजमान बसत. माणूस सज्जन होता. बाईनं नंबर सांगितला की मान खाली घालून डबा काढायचा, वर्तमानपत्रात गुंडाळून द्यायचा. पण बसली नाही तर परत जाऊन त्यांना सांगणार कोण? आमच्या गावात, सुलतानपूरला, अजूनही 'ब्रा' हा शब्द बाया मोठ्यानं म्हणत नाहीत, 'आतलं' म्हणतात. मग न बसणारं तसंच पेटीत पडायचं. काकूंकडून त्या दिवशी घरी येऊन मी माझं कपाट उघडलं. अकरा होत्या. त्यातल्या घालण्याजोग्या दोन. बाकी नऊ मी इतकी वर्षं नुसत्या जपून ठेवल्या होत्या. यजमान गेल्यावर काकू काउंटरवर बसल्या आणि पहिल्याच महिन्यात त्यांनी मागच्या बाजूला पडदा लावला.

काकूंची बोलण्याची तऱ्हा तिखट होती. खांद्यावर पट्ट्याचे वळ उमटलेले दिसले की म्हणायच्या, "खांदा काय हमाल हाये का? भार पाठीच्या पट्टीनं उचला लागते. पट्टे नुसते सांभाळाले." शेतातून आलेल्या बायांना परातीऐवजी उकिडवं बसवून निंदण करायला लावायच्या, आणि स्कूटीवर नोकरीला जाणाऱ्या पोरींना हँडल धरल्यासारखे हात पुढे करायला. बरोबर आलेले नवरे दाराशी घुटमळले की त्यांना सांगायच्या, "तुम्ही स्टँडवर जाऊन बसा. बस गेली तर दुसरी येते." एकदा माझ्यासमोरच एका बाईनं शेजारणीचा नंबर विचारला. काकू बांगड्या लावत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तिचा नंबर तिच्या नवऱ्याले माहीत नाही. तुले काऊन सांगू?"

माझ्या छातीखाली वर्षभर पुरळ होतं. मलम लावून दमले होते. काकूंनी एकच विचारलं, "वाळवतं कुठं?" मी सांगितलं, दोरीवर, टॉवेलच्या खाली. "चोरी केली का तू? उन्हात वाळू दे." मी उन्हात वाळवायला लागले. पुरळ एकोणीस दिवसांत गेलं. शेजारची बाई दोन दिवस माझ्या दोरीकडे पाहत राहिली, तिसऱ्या दिवशी तिच्याही दोरीवरचा टॉवेल निघाला.

पण काकूंचं मोठेपण मला खरं कळलं ते माझ्या सासूबाईंच्या वेळी.

आमच्या आई तेव्हा त्र्याहत्तर वर्षांच्या होत्या. अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या. गावच्या विहारात वर्षावासाचे तीन महिने रोज दुपारी चार ते पाच ग्रंथवाचन होतं, आणि एकोणीस वर्षं ते आईंनी केलं होतं. पांढरी साडी, पांढरा ब्लाऊज, समोर बैठं टेबल. साठ-सत्तर माणसं ऐकायला. घरात आई कमी बोलायच्या, पण तिथे त्यांचा आवाज शेवटच्या सतरंजीपर्यंत जायचा. मग त्या न्हाणीत पडल्या आणि उजवा खांदा मोडला. हाड जुळलं, हात मात्र मागे जाईना. त्या आषाढात त्यांनी विहाराच्या समितीला कळवलं, दिसत नाही. मी चष्मा बदलून आणला. तेव्हा म्हणाल्या, गुडघे धरतात. ते वर्ष गावातल्या एका मुलीनं कसंबसं निभावलं.

पुढच्या जेठात समितीचे अध्यक्ष घरी आले. "आई, यंदा तुम्ही वाचता का? नाहीतर मोबाईलवरचं वाचन स्पीकरवर लावतो."

"लावा," आई म्हणाल्या.

त्या दिवशी त्यांनी अर्धी भाकरी खाल्ली. रोज दीड खातात.

आठवड्यानं दुपारी मी धुतलेले कपडे ठेवायला त्यांच्या खोलीकडे गेले. दार लोटलेलं होतं. आईंनी पांढरी साडी बाहेर काढून ठेवली होती. ब्राचा एकच हुक कसाबसा समोर लावून, ती फिरवून, त्या उजवा हात पट्ट्यात घालायचा प्रयत्न करत होत्या. हात कोपरापाशीच अडकत होता. शेवटी त्यांनी ती काढली, नुसता ब्लाऊज घातला आणि आरशासमोर उभ्या राहिल्या. पांढरं पातळ कापड. पदर एका खांद्यावरून घेतला, मग दोन्ही खांद्यांवरून घेतला, मग सगळं उतरवून घडी केली. चष्मा, गुडघे, सगळं मला तेव्हा समजलं.

मी सरळ बोलणारी आहे. आत गेले आणि म्हटलं, "आई, मी लावून देत जाईन हुक."

"आज हुक लावशील, उद्या नाडी बांधशील," त्या म्हणाल्या. "मी लेकरू हाये का?"

दुसऱ्या दिवशी मी मेहकरला गेले. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. "हात कुठलोक जाते?"

मी मोजून नेलं होतं. उजवा हात बाजूला खांद्याच्या चार बोटं खाली थांबतो, मागे कमरेपर्यंतही पोचत नाही. मूठ वळते, पण बारीक हुक बोटांत नीट धरता येत नाही. आषाढी पौर्णिमेला, म्हणजे वाचन सुरू व्हायला, बावीस दिवस उरलेत.

"हे कामाचं मोजलं तू," काकू म्हणाल्या. माझ्या मोजण्याला त्यांनी दिलेली ही एकमेव शाबासकी. दुकानात पुढे उघडणाऱ्या दोन ब्रा होत्या, त्या त्यांनी हातात घेऊन ताणून पाहिल्या आणि ठेवून दिल्या. "मीच येते. तिले पाह्यल्याशिवाय नाही जमणार."

गुरुवारी दुकान बंद असायचं. काकू बसनं आल्या, ओट्यावर बसल्या, चहा घेतला. आईंना मी सांगितलं होतं, नुसत्या भेटायला येताहेत. पण आईंनी आयुष्यभर गावातल्या पोरांचं खोटं पकडलं होतं. "तुम्ही त्या परातवाल्या ना?" त्या म्हणाल्या. "मले नाही आता भाकर थापता येत."

"नका थापू," काकू म्हणाल्या. "भाकर सून थापते. तुम्ही जे करता ते करा. वाचून दाखवा मले."

 आई आत गेल्या, फडक्यात बांधलेला ग्रंथ आणला, खाली बसल्या. पहिलं पान दबत्या आवाजात वाचलं. डाव्या हातानं पान धरलेलं, उजवा हात छातीशी, पदर गच्च आवळून. दुसऱ्या पानावर आवाज मोकळा झाला आणि हात आपोआप खाली आला. काकू उठल्या, आईंच्या मागे जाऊन बसल्या आणि खालून टेप फिरवला. आई थांबल्या.

"थांबू नका. एखादं लंबं वाक्य घ्या."

आईंनी श्वास भरला आणि लांब वाक्य वाचलं. मी टेपवर पाहत होते. चौतीसचा आकडा साडेपस्तीसवर गेला आणि वाक्य संपता संपता परत आला.

"पाह्यलं?" काकू मला म्हणाल्या. "गप बसल्यावरचं माप घेतलं असतं तर आईले दुसऱ्या पानावर दम लागला असता. कपडा घालून काम करा लागते. कामातलंच माप घ्या लागते."

काकूंनी स्वतः शिवलेली पहिली ब्रा चार दिवसांत आली. मागून बंद, समोरून उघडी, सुती, पट्टे दोन बोटं रुंद. हुक मात्र आईंना लागेनात. दुसरीला काकूंनी पुरुषांच्या पँटला असतात तसे मोठे चपटे हुक लावले. ते लागले, पण उजव्या काखेत शिलाई घासून लाल झालं. काकूंनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, "मी चुकली. शिलाई आत घेतली मी, बाहेर पाह्यजे होती." इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून हे वाक्य मी एकदाच ऐकलं. तिसरी घेऊन त्या आल्या तेव्हा पौर्णिमेला पाच दिवस होते. त्यांनी आईंना युक्ती सांगितली, "दुखरा हात पह्यले घाला. चांगला हात मंग येते आपल्या मनानं. काढतानी उलटं." आणि मला घेऊन त्या खोलीबाहेर आल्या, दार ओढून घेतलं.

आम्ही दोघी ओट्यावर बसलो. मी घड्याळ पाहत होते. काकू म्हणाल्या, "पाहू नको वं तिकडं, परीक्षा हाये का तिची?" चार मिनिटांनी दार उघडलं. आई पांढऱ्या साडी-ब्लाऊजमध्ये होत्या, पदर नेहमीसारखा एका खांद्यावर.

"जमलं का?" मी विचारलं.

"अध्यक्षाले फोन लाव," त्या म्हणाल्या. "सांग, स्पीकर नको लावू म्हणा."

पौर्णिमेला काकू आल्या. शेवटच्या सतरंजीवर, माझ्या शेजारी बसल्या. आईंनी माइक बाजूला सारला आणि वाचायला सुरुवात केली. सुरुवातीची दहा मिनिटं काकू ऐकत नव्हत्या. त्यांची नजर आईंच्या खांद्यांवर होती, पट्टा हलतो का, हात छातीशी जातो का. हात एकदाही गेला नाही. मग काकूंनी पाय लांब केले आणि ऐकायला लागल्या.

त्यांना बसपर्यंत सोडायला गेले तेव्हा म्हणाल्या, "दोन वर्षांनी पुन्हा पाह्यजो. या वयात अंग आटते. माप कमी होते." मी म्हटलं, तुमच्याकडेच घेऊन येईन. "हाव," म्हणाल्या आणि चढल्या.

गेल्या फाल्गुनात काकू गेल्या. आदल्या दिवशीपर्यंत दुकानावर होत्या. आता तिथे मोबाईलची कव्हरं मिळतात.

यंदाच्या जेठात दोन वर्षं पूर्ण झाली. आई काही म्हणाल्या नव्हत्या, पण खालची पट्टी वर सरकायला लागलेली मला दिसत होती. मी टेप काढला. मेहकरचं दुसरं दुकान मला माहीत नाही, ब्रा शिवणारी एक आहे, तिला निदान बरोबर आकडा द्यावा. आईंना म्हटलं, वाचा. त्यांनी वाचलं. गप असताना बत्तीस, लांब वाक्यात तेहेतीसच्या थोडं वर. मी दोन्ही आकडे लिहून घेतले आणि टेप गुंडाळायला लागले.

आईंनी चष्मा काढून ग्रंथावर ठेवला. "तुहं कोण पाहते आता?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, माझं काय, बरं आहे माझं.

"बरं हाये," आई म्हणाल्या. "सहा महिन्यांपासून पट्टा वर करून राह्यली. आण तो टेप इकडं."

त्यांचा उजवा हात फार वर जात नाही, म्हणून मी त्यांच्यापुढे पाठ करून खाली बसले.